तिसरी खोली

माइमूबाईंनी चाव्या दिल्या
त्या एकेकीची ओळख करून देत:
ही खालच्या दाराची, ही तळघराची,
ही टपालपेटीची, जरा वर उचलून फिरवायची.
मग थांबून विचारलं,
"तिसऱ्या खोलीचं काय करणार?"

तीस वर्षांच्या कर्जावर माझी सही
अजून ओली होती. म्हटलं, बघू.
"बघू-चंच भाडं सगळ्यात जास्त पडतं,"
असं म्हणून नोटरीच्या बशीतली दोन चॉकलेटं
पर्समध्ये टाकून त्या निघून गेल्या.

तार्तूत, नदीकाठी, एक लाकडी वस्ती आहे
जिथल्या गल्ल्यांना परसातली नावं आहेत:
बटाटा, घेवडा, वाटाणा.
बाई वाटाण्यात राहायला गेल्या.
एक खोली, भिंतीएवढी विटांची शेगडी,
आणि अंगण, दोरीवर चार चादरी मावतील इतकं.

ऑक्टोबरात त्यांच्या नावाचं पत्र माझ्याकडे आलं.
टाकून देता आलं असतं. बस पकडली.

त्या भूर्जाचे ओंडके रचत होत्या,
साल खाली, चीर वर,
दर सातव्यावर खडूची रेघ.
"हा एक आठवडा," त्या म्हणाल्या. "हा नाताळ.
आणि हा मार्च, त्याचा भरवसा नाही, म्हणून दोन रेघा."

"तुमच्याकडे, म्हणजे माझ्याकडे, नळीतून ऊब यायची.
किती जाळली ते राख झाल्यावर कळायचं,
महिन्याच्या बिलात.
इथे आधी मोजते, मग जाळते.
एवढाच फरक. बाकी थंडी तीच."

चहाबरोबर वही निघाली. शाळेची, चौकटींची.
आधी रूबल, मग क्रोन, मग युरो,
अक्षर मात्र एकच, उजवीकडे कललेलं.
"त्या जूनमध्ये, एका शनिवारी, दहाचा एक झाला.
एन्डेलनं मोटारीसाठी साठवले होते.
रात्री बसून हिशोब केला त्यानं:
एक चाक उरलं होतं. आणि आरसा.
तो हसला. मी पुढं वर्षभर हसले नाही."

तेव्हापासून त्या पैसा नुसता ठेवत नाहीत,
त्याला नाव ठेवतात.
दात. छप्पर. भाचीचं बाळ.
आणि शेवटचा रकाना: उगाच.
दरमहा दहा युरो, उगाच.
"हा रिकामा राहिला
की समजायचं, आपण कंजूष झालो.
काटकसर नव्हे. कंजूष."

मी म्हटलं, तुम्ही सुखी दिसता.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं ओल्या लाकडाकडे पाहतात.
"पहाटे चारला गुडघे शिव्या देतात.
तुझ्या बाल्कनीची आठवण येते,
तिथून बगळ्यांची वाट दिसायची.
निवडलं म्हणजे गोड लागतं, कोण म्हणालं?
कडू लागलं तर कुणावर ढकलता येत नाही,
इतकंच."

अंथरूण पाहून पाय पसरावेत
हे मला कुणीही सांगितलं असतं.
बाईंनी आधी पाय मोजले होते,
अंथरूण मागाहून शिवलं.

निघताना एक ओंडका माझ्या हातात दिला.
माझ्याकडे शेगडी नाही, मी म्हटलं.
"माहीत आहे. माझीच होती ना जागा."

बसमध्ये तो मांडीवर. लोक बघत होते.
समोरच्या मुलानं विचारलं, कुत्रं आहे का?
नाही, म्हटलं. एक दिवस आहे.
सातांपैकी एक.

आता तो तिसऱ्या खोलीत उभा आहे.
दुसरं काहीच नाही तिथं,
एक घडी न उलगडलेला व्यायामाचा पट्टा
आणि रात्रंदिवस तापणारा रेडिएटर, कुणासाठी कोण जाणे.

काल रात्री त्याच्या खटक्याला हात लावला.
अर्धा फिरवला.
मग उभा राहिलो, खोली गार होताना ऐकत,
साल किंचित तडकली
की मला तसं वाटलं.

सकाळी कोपऱ्यावरून वही आणली, चौकटींची.
पहिलं पान बराच वेळ कोरं.
मग उजवीकडून सुरुवात केली,
शेवटच्या रकान्यापासून.